बोकडानं अंग झाडेपर्यंत

जीपमधून उतरायला दोघं तयार नव्हती. एक बोकड आणि दुसरी नयन.

बोकडाला किसनकाकांनी मागून ढकलून खाली घेतलं. नयनला ढकलायची हिंमत त्यांच्यात नव्हती. आवारींच्या या धाकट्या पोरीला लहानपणापासून कोणी जागचं हलवू शकलं नव्हतं, आणि आता तर ती सेहेचाळीस वर्षांची, आर्णीच्या घरची थोरली सून होती. तिची बहीण कौसल्या दोर हाताला गुंडाळत जीपकडे पाठ करून उभी राहिली. भाऊ गोपाल वारल्यापासून तीन वर्षं तिनं नयनला पाठच दाखवली होती. पावसाळ्यात माय गेली तेव्हाही सुतकात दोघी दोन खोल्यांत बसल्या होत्या.

समोर मायबर्डी उभी होती. टेकडीला इकडे बर्डी म्हणायची पद्धत, पण चढायला लागलं की तिचा डोंगर होतो. खालपासून वरपर्यंत सागाचं रान, थंडीनं पिवळी पडत चाललेली सुपाएवढी पानं, आणि अगदी माथ्यावर मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. त्या दगडाला आवारींच्या घरात कोणी नावानं हाक मारत नसे. बर्डीवाली म्हणत.

सगळ्यात शेवटी निकिता उतरली. गोपालची बायको. वय पस्तिशीच्या आतलं, पण घरची कपाशी आणि तूर आता तीच पाहते, ट्रॅक्टरवाल्याशी भांडते, खतासाठी रांगेत उभी राहते. तिनं जीपचं दार धाडकन लावलं.

"दोघी आयका," ती म्हणाली. "आता सांगते, वरतं गेल्यावर सांगनार नाही. वर जे ठरन ते ठरन. खाली आल्यावर माह्या घरात नवसाचं नाव कोनी काढाचं नाही. आनि तुमचं दोघींचं नाहीच जमलं, तं मी खुशीले घेऊन वणीले माहेरी चालली. मंग आत्या म्हनून कोनी याचं नाही. ना मारेगावहून, ना आर्णीहून."

कौसल्येचं दोर गुंडाळणं थांबलं. खुशी म्हणजे गोपालचं नाक, गोपालचं हसणं, गोपालसारखंच ताटातली भाजी बाजूला सारणं. सात वर्षांची ती पोर सोडली तर भावाचं या जगात काही उरलं नव्हतं. आणि पावसाळ्यापासून ती पोर तापानं तीनदा अंथरुणाला खिळली होती.

"मी काय माह्यासाठी करून राह्यली का?" कौसल्या म्हणाली. "नवस राह्यला तं तो पुढच्या पिढीवर जाते. आधी गोपालले नेलं. आता खुशीले ताप. तुले दिसत नाही का, निकिता?"

"डॉक्टर म्हनाला पान्यानं झालं. पानी गाळून उकळून देतो आता."

"पानी," कौसल्या म्हणाली, आणि बोकडाचा दोर ओढला.

नयन अखेर उतरली. पांढरी काठाची साडी, खांद्याला शबनम, त्यात तिची स्वतःची भाकर आणि स्वतःचं पाणी. बोकडाच्या कपाळावर लावलेल्या हळदीकुंकवाकडे तिनं एकदा पाहिलं. "मी चालीन," ती निकिताला म्हणाली. "मायनं तसा शब्द देला होता म्हनून. पन हात जोडनार नाही, दोर धरनार नाही, आनि याच्या मानेवर सुरी ठेवू देनार नाही. सांग तिले."

"तिच्या कानात काय बोळे हायेत?" निकिता म्हणाली आणि चालू लागली.

*

शब्द मायनंच दिला होता, हे खरं होतं. दोन पोरींनंतर विमलताई आवारी या बर्डीवर एकट्या आल्या होत्या आणि दगडासमोर पदर पसरून म्हणाल्या होत्या, पोरगा दे, त्याच्या लग्नाच्या साली दोघी बहिणी बोकड घेऊन पायी वर येतील. वर्षभरात गोपाल झाला. पुढे त्याचं लग्न झालं. बोकडही घरीच पाळून मोठा केला होता. आणि नेमक्या त्याच साली विमलताई आर्णीला नयनकडे गेल्या आणि महानुभाव पंथाचा उपदेश घेऊन परत आल्या. परमेश्वर एक, बाकीच्या देवता; त्यांना नवस नाही, बळी नाही. बोकड जागच्या जागी राहिला. भुऱ्या त्याचं नाव. तो मायच्या खाटेखाली झोपायचा आणि तिथंच म्हातारा होऊन मेला.

मग वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकनं गोपालला उडवलं.

तेराव्याला, भरल्या घरात, कौसल्या नयनला म्हणाली होती, "तुह्या पंथानं माह्या भावाचा जीव घेतला." ते वाक्य नयनच्या मनातून एक दिवस गेलं नव्हतं. भाकरी थापताना, दंडवत घालताना, झोपेतून अर्धवट जाग आली की, ते असायचंच.

आताही ते होतं. ती सगळ्यांच्या मागं चालत होती आणि पुढं बहिणीच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या. कौसल्या अनवाणी होती. बावन्न वर्षांचं वय, दुखरा गुडघा, आणि ही बाई काट्याकुट्यांतून अनवाणी चालली होती. नयनला तिचा राग आला, आणि रागासोबत दुसरंही काही आलं, जे तिला नको होतं.

पायथ्याचा नाला ओलांडला तेव्हा किसनकाका थांबले. वडिलांचे धाकटे भाऊ, आवारींच्या घरात उरलेला एकुलता वडीलधारा पुरुष. सत्तरी ओलांडली तरी काठीसारखे ताठ. खांद्याच्या पिशवीत कापडात गुंडाळलेली सुरी. त्यांनी वाळूकडे बोट दाखवलं.

पंजाचा ठसा होता. कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

"पहाटचा हाये," काका म्हणाले. "गेला असन पल्याड. पन आता चूप राहाचं नाही. बोलत चला, जोरानं बोला. मानसाचा आवाज आला की तो आपल्या वाटेनं जाते. चूपचाप गेलं अन अचानक समोर आलो, तं मंग पंचाईत."

सगळे चूप झाले.

तीन वर्षं ज्यांनी एकमेकींशी शब्द काढला नव्हता, त्या दोघींना आता वाघाच्या भीतीनं मोठमोठ्यानं बोलायचं होतं. बोलणार काय? सागाची वाळकी पानं पायाखाली कुरकुरली. बोकड मात्र न सांगता ओरडला.

"बोला न वं!" काका पुढून ओरडले.

"निकिता!" कौसल्येनं एकदम आवाज चढवला. "सांग तिले, चप्पल काढ म्हना! नवसाच्या वाटेनं चप्पल घालत नाहीत!"

"निकिता, सांग तिले," मागून नयन, "नवस तिचा हाये. पाय माहे हायेत!"

"सांग तिले, नवस मायचा होता!"

"सांग तिले, मायनं सोडला होता!"

"सोडला नाही, सोडवला!"

"मी काय पोस्टमन हावो का?" निकिता मधूनच ओरडली.

"असंच! असंच जोरात!" काका खूश झाले. "वाघ काय, वाघाचा बाप येत नाही आता."

निकिताला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण ते मागून नयनला दिसलं, आणि कशामुळे कोण जाणे, नयनचा सूर थोडा उतरला. ती म्हणाली, "निकिता, तुले माहीत हाये का, या वाटेनं गोपालले जावळ काढाले आनलं होतं. मी आठ वर्साची. हिनं त्याले पूर्ण वाट कडेवर आनलं. कोनाले हात लावू देला नाही."

कौसल्येनं दोर या हातातून त्या हातात घेतला. मग वाघाची आठवण झाली म्हणून की काय, बोलली. "नवा परकर होता माहा. हिरवा. अर्ध्या वाटेत मुतला त्याच्यावर."

"मंग तू रडली."

"मी नाही रडली. तू हसली म्हनून रडली."

या वेळी 'सांग तिले' कोणीच म्हटलं नाही. निकिता पुढं सरकली. तिला आपण मधे नकोसं वाटलं.

चढ उभा होत गेला. मधल्या टप्प्यावर बोकडानं मान टाकली आणि बसकण मारली. कौसल्येनं दोर ओढला. बोकड हलला नाही. तिनं पुन्हा हिसका दिला, आणि तिचाच गुडघा वाकला. ती दगडावर बसली, पण दोर सोडला नाही. बोकडाच्या गळ्याला फास बसला होता, त्याची जीभ बाहेर आली होती.

"ढिला सोड, अक्का. मरून जाईन ते."

"मरनारच हाये."

"आता नाही न."

नयन खाली वाकली आणि तिनं दोर हातात घेतला. गाठ सैल केली. बोकडानं तिच्या मनगटाला नाक लावलं, गरम, ओलं. आपण काय केलं हे तिला मग कळलं. दोर धरणार नाही असं खालीच तोंड भरून सांगितलं होतं.

पण आता परत कोणाच्या हातात द्यायचा? बहिणीला उठवत नव्हतं. नयननं एका हातात दोर धरला आणि दुसरा हात कौसल्येपुढं केला. कौसल्येनं त्या हाताकडे पाहिलं, आजूबाजूला एखादी काठी चाचपली, काठी सापडली नाही, आणि मग हात धरला.

चालताना नयनच्या मनात एकच होतं. तिचा परमेश्वर नवस ऐकत नाही, बोकड मागत नाही, रागावून कोणाचा भाऊ नेत नाही. हेच तर तिला आवडलं होतं. सासरी आल्यावर ते ऐकलं तेव्हा डोक्यावरचा भारा कोणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं होतं. पण गोपाल गेला आणि कळलं की जो काही मागत नाही, त्याच्याशी भांडताही येत नाही. कौसल्येला निदान एक दगड होता, ज्याच्यावर संशय घेता येत होता. नयन घरात बसून नामस्मरण करत राहिली आणि तीन वर्षांत भावासाठी एकदाही मोकळी रडली नाही. लोक म्हणाले, बघा, उपदेशाचं बळ. ते बळबिळ काही नव्हतं. आत नुसतं गोठून गेलं होतं.

*

माथ्यावर वारा होता. निकितानं नाल्यावरून भरून आणलेली घागर मोहाच्या बुंध्याशी ठेवली आणि बाजूला बसली. तिला देव नको होता आणि देवावरचं भांडणही नको होतं. तिला घरी जाऊन खुशीचं दप्तर आवरायचं होतं. पण हे आज संपलं नाही तर ते आयुष्यभर तिच्या पोरीच्या मागं लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक आत्या म्हणेल तुझ्यावर नवस आहे, दुसरी म्हणेल तुझ्या आत्याचं ऐकू नको. पोर कोणाचं ऐकेल?

कौसल्येनं दगड धुतला, शेंदूर लावला, खणानारळानं ओटी भरली. नयन झाडापलीकडे उभी होती, हात मागे बांधून. कौसल्येनं तिच्याकडे पाहिलं, पण ये म्हटलं नाही. तेवढी माणुसकी तिनं पाळली.

काकांनी कापडातून सुरी काढून दगडाजवळ ठेवली. तांब्यात पाणी घेतलं.

"रीत माहीत हाये न सगळ्याईले?" ते म्हणाले. "पानी टाकतो. अंग झाडलं त्यानं, म्हनजे तिनं घेतला. नाही झाडलं, तं नाही घेतला. मंग सुरी लावाची नाही. नाला ओलांडेपर्यंत बर्डीची हद्द. तोपर्यंत कवाही झाडलं तरी तिचाच."

पाणी पडलं. बोकडानं डोळे मिटले, उघडले आणि ओटीतल्या झेंडूकडे पाहिलं.

दुसऱ्यांदा पाणी. त्यानं झेंडूचं फूल तोंडात धरलं.

तिसऱ्यांदा काकांनी पाठीवर, शेपटीपर्यंत ओतलं. फूल चावून संपलं. बोकड ढिम्म.

"कोनाच्या तरी मनात हाये," काका म्हणाले. त्यांचा सूर आता वेगळा होता, घरातल्या मोठ्याचा. "माहा बाप सांगत होता. मनात अढी धरून जनावर आनलं की ती घेत नाही. जे हाये ते बोलून टाका इथं. तिच्यासमोर."

नयन बोलेल असं निकिताला वाटलं होतं. बोलली कौसल्या, आणि नयनशी नाही, दगडाशी.

"मी बोलते," ती म्हणाली. "आयक. तुले बोकडच पाहिजे होता न? मंग मले सांगाचं होतं. माह्या सपनात याचं होतं. एक नाही, गोठा भरून आनला असता. माह्या अंगात आली असती तं मी मारेगावपासून लोळत आली असती. मायनं चूक केली, नयननं केली, तं त्याईले धराचं. गोपालचं काय होतं? त्याले तं नवसाचं माहीतबी नव्हतं पुरं. तो कपाशीची दवाई आनाले गेलता वणीले. येताना मले फोन केला, अक्का, भाकर टाकून ठेव म्हने, येतो तुह्याकडं. मी भाकर टाकली. तव्यावर होती वं! आनि तू..." तिचा आवाज फुटला. "बोकडाच्या बदल्यात मानूस नेते का कोनी? बाजारातला दलालबी असं करत नाही!"

काका "कौसल्ये, कौसल्ये" म्हणत पुढं झाले, पण तिनं हात झटकला. ती दगडासमोर मांडी घालून बसली आणि हमसून हमसून रडू लागली. तेराव्याला ती रडली नव्हती, तेव्हा ती चिडली होती. आत्ता रडली.

नयन झाडामागून आली. तिनं दगडाकडे पाहिलं नाही. ती बहिणीशेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल अशी.

"तव्यावर होती हे तू मले सांगतलं नाही."

"तू कधी इचारलं?"

"तू बोलू देलं का?" नयन म्हणाली, आणि तिच्याही गालावरून पाणी ओघळू लागलं. तिनं ते पुसलं नाही. "अक्का, तू म्हनली मी मारलं त्याले. मी रोज इचार करते, खरंच मारलं का मी? मी मायले त्या वाटेवर आनलं. मायनं माह्यामुळं सोडला नवस. माह्या देवाले म्हनलं तं तो काही म्हनत नाही. हो म्हनत नाही, नाही म्हनत नाही."

निकिता उठली. हे सांगायचं नाही असं तिनं सासूला, तिच्या मामीजीला, कबूल केलं होतं. पण सासू आता नव्हती, आणि या दोघी होत्या.

"नयनताई, मामीजीनं तुमच्यामुळं नाही सोडला," ती म्हणाली. "अक्का, तुमीबी आयका. भुऱ्यामुळं सोडला."

दोघी वळल्या.

"त्याची माय मेलती व्याताना. मामीजीनं बाटलीनं दूध पाजून वाढवला त्याले. मी नवी नवरी, मी पाहत होती. तो त्याईच्या मागं मागं फिरे, ओरडला की त्या ओ देत. लग्न झाल्यावर काकाजीनं तारीख काढली, तं त्या रातभर बसून राहल्या. मले म्हने, निकिता, मी याले दूध पाजलं, आता कसा देऊ? आनि नाही म्हनलं तं कौसल्या मले सोडनार नाही. दुसऱ्या दिवशी आर्णीची बस पकडली. उपदेश घेऊन आल्या. मंग कोनी काही म्हनूच शकलं नाही." तिनं नयनकडे पाहिलं. "पुढं मन लागलं त्याईचं त्याच्यात, ते खोटं नाही. पन पहिल्यांदा गेल्या त्या बोकड वाचवाले."

वाऱ्यानं वाळकं पान खाली आणलं आणि बोकडानं तेही खाल्लं.

नयनच्या चेहऱ्यावर निकितानं असं काही कधी पाहिलं नव्हतं. मायला आपण वाटेवर आणलं याचा तिला अभिमान होता, आणि त्याच गोष्टीचा सल होता. दोन्ही एकदमच हातातून गेलं. "बोकडासाठी," ती पुटपुटली. "आनि मी साऱ्या आर्णीत सांगत फिरली, माह्या मायले बोध झाला."

"मले भेत होती ती," कौसल्या म्हणाली. "माही सख्खी माय. मले भेऊन बसनं पळाली." तिनं नाक पुसलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "म्हातारी लय पक्की होती."

नयनला हुंदका आणि हसू एकदम आलं, आणि ठसका लागला. कौसल्येनं तिच्या पाठीत थापट्या मारल्या, जरुरीपेक्षा जोरात.

पण आवारींची थोरली पोर अशी सहज सोडणारी नव्हती. ती उठली, तांब्या भरला. "आनखी एक डाव," ती म्हणाली. "आता बोलून झालं सारं. आता माह्या हातानं." नयन ताठ झाली. काकांनी सुरीकडे हात नेला. कौसल्येनं पाणी ओतलं, सावकाश, कानांपासून पाठीपर्यंत. सगळे बघत राहिले.

बोकडानं कौसल्येकडे पाहिलं. उन्हात त्याची पाठ वाफाळली. बाकी काही नाही.

"नाही घेतला," काका म्हणाले आणि सुरी कापडात गुंडाळू लागले. "आपन आनला, दोघी बहिनी आल्या, तिनं नाही घेतला. आता आपल्याकडं नाही काही. उन कलून राह्यलं, उतरा."

"पक्कं न, काकाजी?" कौसल्येनं विचारलं.

"नाला ओलांडला की पक्कं."

*

उतरताना कोणाला बोला म्हणावं लागलं नाही. नयनची भाकर निघाली, कौसल्येचा ठेचा निघाला. ठेचा देवाला दाखवलेला नाही ना, एवढं नयननं विचारून घेतलं आणि मग दोनदा मागितला. बोकडाचा दोर या हातातून त्या हातात जात होता.

कौसल्येचं मन मात्र मोकळं झालं नव्हतं. ती रडली होती, हलकी झाली होती, पण ती नवस मानणारी बाई होती. बर्डीवालीला तोंडावर दलाल म्हणून आली होती. ती रागावली तर? नाही घेतला म्हणजे सोडून दिला, की खुशीच्या नावानं मागं ठेवला? नाला लवकर यावा असं तिला वाटत होतं. एकदा पलीकडे गेलो की झालं.

नाला आला. काका पुढं होते. काठी टेकत, दगडांवरून ते पलीकडे गेले आणि जीपवाल्याला हाक मारायला वळले. निकिता अर्ध्यात पोचली होती. बोकड पाण्याशी येऊन अडला.

"उचलू या," नयन म्हणाली. "तू पुढून धर."

दोघींनी त्याला उचललं. दोन पावलं नीट गेली. तिसऱ्या पावलाला कौसल्येचा गुडघा पुन्हा दगा देऊन गेला, नयनचा पाय शेवाळावर सरकला, आणि बोकड दोघींच्या हातांतून पाण्यात पडला. थंडगार पाणी. तो धडपडत उठला आणि पलीकडे जायचं सोडून आलेल्या काठावर, बर्डीच्या बाजूला, परत चढला.

तिथं उभा राहून त्यानं अंग झाडलं.

कानांपासून शेपटीपर्यंत, असं की पाण्याचे थेंब दोघींच्या तोंडावर उडाले.

मधल्या दगडावर निकिता जागच्या जागी थिजली होती. तिच्या डोळ्यांत खुशी होती, वणीची बस होती. काकांची पाठ इकडे होती.

नयन गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या मनात आलं, गप्प बसावं. बोकड वाचतो, बहीण राहते, पोर राहते. पण गप्प बसून बहिणीला फसवायचं? ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही, पण तिचा आहे?

"अक्का," ती हळूच म्हणाली. "पाह्यलं न तू?"

कौसल्येनं पाहिलं होतं. लहानपणापासून तिनं या बर्डीवर किती बोकडांना अंग झाडताना पाहिलं असेल. असंच झाडतात. तिनं मान वर करून माथ्याकडे पाहिलं. इथून मोहाचं झाड दिसत नव्हतं, नुसता साग दिसत होता. हाक मारली की काका सुरी घेऊन परत येतील, बोकड बर्डीवालीला जाईल, खुशीवरचं सगळं उतरेल. आणि नयन आडवी येईल. आणि निकिता पोरीला घेऊन जाईल. आणि पुन्हा कोणी तरी खाटेवर रातभर बसून राहील.

तव्यावरची भाकर तिला आठवली. करपली होती ती.

"काय पाह्यलं?" कौसल्या म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "पान्यात पडलं ते. भिजलेलं जनावर अंग झाडत नाही तं काय करन? तुह्या पंथात झाडत नाही का?"

नयन तिच्याकडे बघत राहिली.

"माह्याकडं काय पाहतं? ये इकडं." कौसल्या काठावर चढली, बोकडापुढे गुडघे टेकून बसली आणि पदरानं त्याला पुसू लागली. घाईघाईनं, जोर लावून, जसं गोपालला ती लहानपणी पुसायची. "पूस लवकर. परत झाडन ते. काकाजीले दिसन."

नयन पाण्यातून वर आली. बोकडाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनं आपला पांढरा पदर सोडला. दोघी दोन्ही बाजूंनी त्याला पुसत राहिल्या. मधल्या दगडावर निकितानं तोंडावर हात ठेवला होता.

"काय झालं वं?" पलीकडून काकांनी हाक मारली.

कौसल्येचा हात थांबला. पण उत्तर नयननं दिलं, जी कधी खोटं बोलत नसे.

"बोकड भिजला, काकाजी! पुसून राह्यलो!"

कौसल्येनं मान खाली घातली. बोकड थंडीनं कुडकुडत होता आणि तिच्या पदराचा काठ चावत होता. तिनं तो सोडवून घेतला नाही.

"त्याच्या कानात पानी हाये," ती बहिणीला म्हणाली. "तेबी काढ."